कंपवात आणि मोबाइल ॲप : फोन रुग्णाच्याच हातात असू द्या

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात थरथरू लागला की "आता वय झाले" असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पुढे सही बदलते, अक्षर बारीक होत जाते, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, चालताना एक हात हलेनासा होतो. सजद्यातून उठताना शेजारच्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. मग कोणीतरी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला सांगते आणि तिथे या सगळ्याला एक नाव मिळते : पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 मध्ये या आजाराचे पहिले नीट वर्णन लिहिले. त्यांचा जन्मदिवस, 11 एप्रिल, हा जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. मेंदूच्या आतल्या भागातील काही पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. या पेशी हळूहळू मरत गेल्या की शरीराच्या हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, आणि बऱ्याच जणांना (सर्वांना नव्हे) कंप सुटतो. आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही, पण औषधे आणि व्यायाम यांच्या आधारे माणूस अनेक वर्षे चांगले जगू शकतो. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांना 1984 मध्ये, वयाच्या 42व्या वर्षी, हे निदान सांगितले गेले. 1996 साली अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत त्यांनी थरथरत्या हाताने, साऱ्या जगासमोर पेटवली. 2016 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. म्हणजे निदानानंतर ते 32 वर्षे जगले आणि त्यांनी आपला हात लपवला नाही.

आता या आजारासाठी मोबाइलवर ॲप निघाली आहेत. कोणी गोळीची आठवण करते, कोणी बोटांचा वेग मोजते, कोणी चालण्याचा ताल पाहते. मुलगा किंवा नात मोठ्या उत्साहाने असे एखादे ॲप अब्बांच्या फोनमध्ये घालून देते. पंधरा दिवसांनी पाहावे तर ते उघडलेलेही नसते. मग घरात नाराजी होते : "इतके करून दिले, पण ऐकतच नाहीत." ऐकत का नाहीत, हे रुग्णाला मात्र सहसा कोणी विचारत नाही.

फोन काय मोजू शकतो?

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये हालचाल ओळखणारा एक छोटा भाग असतो. फोन आडवा केला की चित्र आडवे होते, ते त्याच्यामुळे. पार्किन्सन्सचा कंप साधारणपणे सेकंदाला 4 ते 6 वेळा होतो आणि बहुधा हात स्वस्थ ठेवलेला असताना जास्त दिसतो. फोन तो टिपू शकतो. पडद्यावरच्या दोन ठिपक्यांवर आळीपाळीने बोट टेकवायला सांगून बोटांचा वेग मोजता येतो. "आ" असा लांब आवाज काढायला सांगून आवाजातला फरक पाहता येतो. खिशात फोन ठेवून वीस पावले चालले की चालण्याची लय कळते.

याच चाचण्या घेऊन अमेरिकेत मार्च 2015 मध्ये 'एमपॉवर' नावाचा अभ्यास सुरू झाला. आयफोनवरचे ॲप उघडायचे, संमती द्यायची आणि घरबसल्या चाचण्या द्यायच्या. सहा महिन्यांत नऊ हजारांहून अधिक लोकांनी आपली माहिती संशोधकांसाठी खुली केली. त्यांत पार्किन्सन्सचे रुग्ण होते आणि तुलनेसाठी निरोगी माणसेही. पण पाच वेगवेगळ्या दिवशी तरी माहिती देणारे त्यांतले हजाराहूनही कमी निघाले. बाकीच्यांनी उत्सुकतेने सुरुवात केली आणि मग सोडून दिले. अब्बांनी ॲप बंद केले म्हणून रागावण्याआधी हे लक्षात ठेवलेले बरे. स्वतःहून पुढे आलेल्या, फोन सराईतपणे वापरणाऱ्या लोकांचेही तेच झाले होते.

ब्रिटनमधला अनुभव थोडा वेगळा आहे. तिथल्या सात केंद्रांत 215 रुग्णांवर 16 आठवड्यांची एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना नेहमीचे उपचार आणि काहींना त्याबरोबर एक ॲप देण्यात आले. ते ॲप गोळीची आठवण करी. झोप, मनःस्थिती, हालचाल यांची नोंद रुग्ण स्वतः करी. आणि त्या नोंदी डॉक्टरांसमोर ठेवता येत. ॲप मिळालेल्यांपैकी 72 टक्के लोक शेवटपर्यंत ते वापरत राहिले. त्यांचे गोळ्या घेणे अधिक नियमित झाले आणि डॉक्टरांशी झालेल्या भेटीबद्दलचे समाधानही वाढले. एकूण आयुष्य सुधारल्याचे मात्र त्या 16 आठवड्यांत दिसले नाही. आपल्याकडे लक्षात घ्यायचे ते एवढेच की जिथे ॲप रोजच्या अडचणीला उपयोगी पडले आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचले, तिथे ते बऱ्याच जणांनी टिकवले.

रुग्णाच्या मनात काय असते?

रुग्णांशी निवांत बोलले तर काही गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

पहिली म्हणजे कंटाळा नव्हे, तर भीती. रोज सकाळी बोटे टेकवून कालच्यापेक्षा आज वेग कमी झाल्याचे पाहणे कोणाला आवडेल? हा आजार हळूहळू वाढतो हे रुग्णाला ठाऊक असते. त्याचा आलेख रोज डोळ्यांसमोर नको असतो. काहींना उलट आकडे पाहून धीर येतो : "गोळीनंतर खरंच फरक पडतो, माझा भास नाही." दोन्ही प्रकारची माणसे आहेत आणि दोघांचेही बरोबर आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲप जे मोजते ते आणि रुग्णाला जे छळते ते एकच असते असे नाही. ॲप कंप मोजते. रुग्णाला त्रास होत असतो बद्धकोष्ठाचा, रात्री कुशीवर वळता न येण्याचा, उदासीचा, जेवताना ठसका लागण्याचा. एखाद्या बुजुर्गाचा प्रश्न साधा असतो : "जुम्याला खुतब्यापासून नमाज संपेपर्यंत माझे शरीर साथ देईल का?" एखाद्या अम्मीला विचारायचे असते की भाकरी थापताना हात नेमका कधी चालेल. या प्रश्नांना 'गुण 62' हे उत्तर होत नाही.

तिसरी गोष्ट फोनचीच. बोट थरथरते, एकाऐवजी दोनदा टेकते आणि भलतेच उघडते. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी झाली की पडदा स्पर्शच ओळखत नाही. बहुतेक ॲप इंग्रजीत. शिवाय अनेक घरांत अम्मीकडे स्वतःचा फोन नसतो. गोळीचा गजर मुलाच्या फोनमध्ये लावलेला असतो. फोन मुलाबरोबर कामावर जातो आणि दुपारी दोनची आठवण त्याच्या कचेरीत वाजते.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. आपल्यावर नजर ठेवली जाते आहे असे रुग्णाला वाटते. कालपर्यंत घराचे निर्णय ज्याने घेतले त्याला आज सून फोन पाहून विचारते, "अब्बा, साडेदहाची गोळी घेतली नाही ना?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण ऐकणाऱ्याला ती हजेरी वाटते. मग ते गोळी न घेताच "घेतली" असे बटण दाबतात. आता ती नोंद खोटी झाली आणि डॉक्टरांसमोर तीच जाणार.

गोळीच्या वेळेचे महत्त्व

एवढे असूनही एका बाबतीत फोनचा उपयोग नक्की आहे, तो म्हणजे गोळीची वेळ. पार्किन्सन्सचे मुख्य औषध लेव्होडोपा. सुरुवातीच्या काळात दिवसातून तीन गोळ्यांवर भागते आणि थोडे पुढेमागे झाले तरी चालते. काही वर्षांनी एका गोळीचा परिणाम तीन-चार तासच टिकू लागतो. गोळी काम करत असते तेव्हा माणूस चालतो-बोलतो. परिणाम ओसरला की जागच्या जागी अडकतो. डॉक्टर याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. अशा वेळी अर्ध्या तासाचा उशीरही दिवस बिघडवतो. गोळ्या दिवसातून पाच-सहा वेळा होतात आणि त्या जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगतात. मांस, अंडी, डाळ, दूध यांतली प्रथिने या औषधाला शरीरात शिरताना अडवतात. खिम्याबरोबर घेतलेली गोळी लागू पडली नाही, असा अनुभव येतो तो यामुळे.

आपल्या घरांत दिवसाची विभागणी नमाजच्या वेळांवर होते. म्हणून पुष्कळ लोक गोळीही नमाजला जोडतात : फजरनंतर एक, जोहरनंतर एक, मगरिबनंतर एक. सवय लावायला हे चांगले, पण नमाजची वेळ सूर्याबरोबर सरकते. मुंबईत नोव्हेंबरअखेर मगरिब सहाच्या सुमारास होते, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे. फजर ते मगरिब हे अंतर हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक वाढते. असरचे तर घराघरांत निराळे; कोकणातल्या शाफई घरात ती हनफी घरापेक्षा लवकर होते. शरीराला मात्र दर तीन-चार तासांनी औषध हवे असते. म्हणून गोळीची वेळ घड्याळावर ठेवावी.

याचा एक फायदाही करून घेता येतो. ज्यांना जुम्याला मशिदीत जायचे आहे त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. त्या वेळी गोळीचा परिणाम भरात असेल अशा बेताने डॉक्टर वेळा बसवून देऊ शकतात. ॲपमधला गजर मग मुलाचा हुकूम राहत नाही. तो अब्बांच्या स्वतःच्या इराद्यासाठी वाजतो. अजानचे ॲप ज्या माणसाने कोणी न सांगता फोनमध्ये ठेवले आहे, तो गोळीचा गजरही ठेवील, जर तो त्याच्या कामाचा असेल.

रमजानआधी डॉक्टरांशी बोला

सहेरी ते इफ्तार या लांब काळात लेव्होडोपाच्या गोळ्या चुकल्या तर रुग्ण अडकून पडू शकतो, तोल जाऊन पडू शकतो. हे औषध एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा आणि शुद्ध हरपणे असा जिवावर बेतणारा प्रसंगही येऊ शकतो. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुराणातच दिलेली आहे, हे आपण सारे जाणतो. तरीही अनेक बुजुर्गांना रोजा सोडणे मनाला लागते आणि ते कोणाला न सांगता गोळ्या सोडतात. म्हणून शाबान महिन्यातच डॉक्टरांची वेळ घ्यावी. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील काहींना वेळा बदलून मुभा मिळू शकते, काहींना मुळीच मिळत नाही. हा निर्णय डॉक्टरांचा. ॲपचा नाही, शेजाऱ्याचाही नाही. आणि सवलत घेणाऱ्याला घरात कोणी कमीपणा वाटू देऊ नये.

ॲप वापरायचे ठरले तर

स्पेनमधील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात पार्किन्सन्सला उपयोगी पडू शकतील अशी 125 ॲप मोजली होती. त्यांतली 69 खास या आजारासाठी होती. पण त्यांपैकी फारच थोडी शास्त्रीय कसोटीला उतरलेली होती. तेव्हा "जितकी जास्त तितकी चांगली" असे इथे नाही. पुढील गोष्टी पाहाव्यात :

• सुरुवात एकाच कामाने करा : गोळीचा गजर. त्यासाठी वेगळे ॲपही लागत नाही, फोनमधला साधा गजर पुरतो. गजराला नाव देता येते. मराठीत 'पिवळी अर्धी गोळी' असे लिहून ठेवा.

• गजर कोणता, किती मोठा, कोणत्या वेळी, हे रुग्णाला ठरवू द्या. मशिदीत किंवा पाहुण्यांत वाजू नये म्हणून थरथर पुरे असेल तर तसे ठेवा.

• फोनच्या सेटिंगमध्ये 'सुलभता' किंवा 'ॲक्सेसिबिलिटी' असा भाग असतो. बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श धरायचा आणि लागोपाठचे दुसरे टेकणे सोडून द्यायचे, हे अनेक फोनमध्ये तिथे ठरवता येते. अक्षरे मोठी करा. फोन हातात धरण्याऐवजी टेबलावर ठेवून वापरायला सांगा. पडद्यावर चालणारा जाड पेनही मिळतो.

• टाइप करायला त्रास होत असेल तर माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोला, फोन लिहून देतो. या आजारात आवाज बारीक होतो, म्हणून जरा जोर लावून बोलावे लागते. तोच आवाजाचा व्यायाम होतो. रोजची तिलावत मोठ्या आवाजात केली तरी हा सराव आपोआप घडतो.

• चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखा वाटत असेल तर ठरावीक ठोक्यांवर पाऊल टाकल्याने मदत होते. असे ठोके देणारी मोफत ॲप आहेत. आधी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करून पाहा. रस्त्यावर कानात इअरफोन घालून चालू नका.

• जे ॲप औषधाचा डोस बदलायला सांगते, आजार 'मुळापासून बरा' करण्याची हमी देते किंवा चूर्ण-कॅप्सूल विकते, ते काढून टाका.

• नाव, आधार क्रमांक, फोटो, सगळे संपर्क मागणाऱ्या ॲपला विचारा, कशासाठी? आजाराची माहिती ही खासगी माहिती आहे. ती कोणाला द्यायची याची संमती रुग्णाची, घरच्यांची नव्हे.

डॉक्टरांसमोर काय न्यावे?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मेंदूविकारतज्ज्ञांना एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. त्या वेळी रुग्ण 'ऑन' असेल तर डॉक्टरांना तो छान चालताना दिसतो. घरी तो चार तास अडकून बसतो हे त्यांना कसे कळणार? म्हणून तीन महिन्यांचा आलेख नको, भेटीआधीच्या तीन दिवसांची खरी नोंद हवी : गोळी किती वाजता घेतली, परिणाम किती वाजता सुरू झाला, किती वाजता ओसरला, आणि नको असलेल्या हालचाली कधी झाल्या. अडकलेल्या अवस्थेतली एका मिनिटाची चित्रफीत, रुग्णाची परवानगी घेऊन काढलेली, खूप काही सांगते.

फोन जमत नसेल तर भिंतीवरचे कॅलेंडर आणि पेन्सिल हेही तितकेच चांगले. वेळांचे रकाने आखून त्यात खुणा करायच्या. संशोधकही वर्षानुवर्षे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने असलेली कागदी रोजनिशी वापरत आले आहेत.

घरच्यांनी कुठे लक्ष घालावे?

रुग्णाचा फोन त्याच्याच हातात असावा, असे म्हणताना एक अपवाद सांगायला हवा. पार्किन्सन्सच्या काही औषधांमुळे, विशेषतः प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गटातल्या औषधांमुळे, काही रुग्णांना जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना यांचा अनावर नाद लागू शकतो. आजच्या काळात हा नाद फोनवरच भागतो : पैसे लावून खेळायचे खेळ, रात्री-अपरात्री मागवलेल्या वस्तू. आयुष्यभर नेकीने वागलेला माणूस असे करू लागला की घर हादरते आणि त्याला बेइज्जत केले जाते. हा औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना लगेच सांगितले तर औषध बदलून तो आवरता येतो. औषध आपल्या मनाने बंद करू नये आणि ही गोष्ट नातेवाइकांत पसरवू नये.

एरवी घरच्यांचे काम मदतीचे आहे. दोन गोष्टी आधीच बोलून ठरवाव्यात : फोनमधली नोंद कोण पाहील आणि गोळी चुकली तर काय करायचे. "घेतली का?" या प्रश्नाऐवजी पाण्याचा पेला पुढे ठेवला तर तोच निरोप पोहोचतो. नातवाने ॲप शिकवताना "आणा इकडे, मीच करतो" म्हणून फोन ओढून घेऊ नये. या आजारात बोटे सावकाश चालतात, काहींचा विचारही सावकाश होतो, पण वेळ दिला तर काम होते.

मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ यांच्या सभांमध्ये रुग्ण आणि कुटुंबीय एकत्र बसतात, व्यायाम करतात, अनुभव सांगतात. पुण्यात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. फोनवर काय चालते आणि काय नाही, हे दुसऱ्या शुभार्थीकडून ऐकले की पटकन पटते. आपल्या समाजातली माणसे अशा ठिकाणी कमीच दिसतात. आजार लपवण्याची सवय आणि बायकांना एकटे पाठवण्याचा संकोच, ही त्याची कारणे असावीत. मशिदीच्या किंवा जमातीच्या सभागृहात महिन्यातून एकदा अशी बैठक घेणे अवघड नाही.

वाचकहो, तुमच्या घरात कोणाला हा आजार असेल तर आज ॲप शोधण्याआधी त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसा आणि विचारा, "दिवसातली कोणती गोष्ट तुम्हाला पुन्हा करता यायला हवी?" उत्तर जुम्याची नमाज असेल, बाजारापर्यंतची फेरी असेल किंवा स्वतःच्या हाताने चहाचा कप उचलणे असेल. ते उत्तर कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. त्यासाठी फोनचा उपयोग होत असेल तर जरूर करा, नाहीतर कॅलेंडर भिंतीवर आहेच.